तारेखालचं गाव

मागच्या उन्हाळ्यात गावाहून चुलतभावाचा फोन आला. “दादा, मोजणीवाले येऊन गेले. आपल्या शेतावरून विजेची नवी लाइन जाणार म्हणतात. एक टॉवर वरच्या बांधाला, दुसरा खालच्या खाचरात. संमतीची सही मागतायत. काय करू?”

आमचं गाव कर्जत तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी. मी तीस वर्षं मुंबईतल्या एका शाळेत इतिहास शिकवला आणि आता निवृत्त होऊन डोंबिवलीत राहतो. विजेबद्दलचं माझं ज्ञान फ्यूज बदलण्यापलीकडे जात नाही. “लगेच सही करू नकोस, मी जरा बघतो,” एवढंच म्हणालो. दोन दिवसांत काहीतरी कळेल असं वाटलं होतं. ते बघणं वर्षभर चाललं, कारण प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आधीच्या कुठल्यातरी सालात सापडायचं. २०२३चे करार समजून घ्यायला १९६०मध्ये जावं लागलं, तिथून १९२१मध्ये आणि तिथून थेट १९११मध्ये.

देशाला सूर्याची आणि वाऱ्याची वीज हवी आहे. २०३०पर्यंत बिगर-जीवाश्म इंधनाची ५०० गिगावॅट, म्हणजे पाच लाख मेगावॅट क्षमता उभारू, असं भारताने नोव्हेंबर २०२१मध्ये ग्लासगोच्या परिषदेत जाहीर केलं. पॅनेलं स्वस्त झाली आहेत, ऊन फुकट आहे. मग अडतंय कुठे? तज्ज्ञ मंडळी याची लांबलचक यादी देतात. मला मात्र वाचता वाचता असं दिसत गेलं की या यादीतलं फारसं काही नवं नाही. वीज साठवायची कुठे, न्यायची कशावरून आणि मधे जो माणूस येतो त्याचं काय करायचं, हे तीन प्रश्न आमच्या कर्जत-खालापुरात शंभर वर्षांपूर्वीच पडले होते. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं तेव्हाच्या इंजिनिअरांनी शोधली, आणि ती उत्तम होती. तिसरा प्रश्न तसाच राहिला. आज तोच आडवा येतो आहे.

चार महिन्यांचा पाऊस, बारा महिन्यांच्या गिरण्या

कर्जतहून खोपोलीची लोकल पकडली की पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी करत गाडी डोंगराच्या अगदी पोटाशी जाते. खोपोलीत उतरून वर पाहिलं की कड्यावरून उतरणारे लोखंडी नळ दिसतात. आमच्याकडे त्यांना ‘टाटाचे पाइप’ म्हणतात. लहानपणी मला वाटायचं, या पाइपांतून वीज येते. वडिलांनी सांगितलं, वीज नाही, पाणी येतं. पाण्याची वीज कशी होते, हे तेव्हा कळलं नाही. पण पाणी इतकं वरून येतं तर जोरात येत असणार, एवढं कळलं.

तेवढंच कळणं पुरेसं आहे. घाटमाथा आणि कोकण यांच्यात इथे सुमारे पाचशे मीटरांचा फरक आहे. एक हजार लिटर पाणी एवढ्या उंचीवरून चाकावर सोडलं, तर साधारण सव्वा युनिट वीज मिळते. डेव्हिड गॉसलिंग नावाच्या मुंबईतल्या एका इंजिनिअरला या कड्याचा उपयोग सुचला आणि त्याने जमशेटजी टाटांना तो पटवला. जमशेटजी १९०४मध्ये वारले. त्यांच्या मुलांनी काम पुढे नेलं, १९१०मध्ये कंपनी स्थापन झाली आणि ८ फेब्रुवारी १९११ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते लोणावळ्यात पायाभरणी झाली. बरोबर चार वर्षांनी, ८ फेब्रुवारी १९१५ला, नंतरचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी खोपोलीची वीज सुरू केली.

या गोष्टीत पहिली अडचण होती ती पावसाची. लोणावळ्यात पाऊस धो धो पडतो, पण जून ते सप्टेंबर. दिवाळीनंतर ओढे आटतात. गिरण्या मात्र बाराही महिने चालायच्या. म्हणजे निसर्ग देतो तेव्हा आणि माणसाला लागते तेव्हा, या दोन वेळा जुळत नव्हत्या. आज सौरऊर्जेबद्दल नेमकं हेच म्हटलं जातं. तेव्हाचा उपाय होता लोणावळा, वळवण आणि शिरवटा हे तीन तलाव. आपण तिथे सहलीला जातो, भजी खातो, फोटो काढतो. खरं तर त्या शंभर वर्षं जुन्या बॅटऱ्या आहेत. चार महिने भरायच्या आणि आठ महिने वापरायच्या.

दुसरी अडचण गिऱ्हाइकाची. गिरण्यांकडे स्वतःची वाफेची इंजिनं होती, कोळशाची सवय होती. चालू यंत्र काढून कुठल्यातरी डोंगरातून तारेने येणाऱ्या शक्तीवर धंदा सोपवायला मालक कचरत होते. लंडनच्या बाजारानेही फारसा उत्साह दाखवला नाही. भांडवल मुख्यतः इथल्याच धनिकांकडून आणि संस्थानिकांकडून उभं राहिलं. पण एकदा वीज आल्यावर ती पुरेना. म्हणून आंद्रा नदीवर ठोकरवाडीचं धरण बांधून १९२२मध्ये आमच्या कर्जत तालुक्यात भिवपुरीचं वीजघर झालं, आणि मुळशीच्या पाण्यावर १९२७मध्ये भिऱ्याचं. ही तिन्ही वीजघरं आजही चालतात. ज्याला आपण हल्ली ‘हरित ऊर्जा’ म्हणतो, ती आमच्या पंचक्रोशीत पहिल्या महायुद्धापासून तयार होते आहे.

तार

वीज तयार झाली, पण ती हवी होती परळ-लालबागला. म्हणून खोपोलीपासून मुंबईपर्यंत एक लाख व्होल्टच्या दाबाची वाहिनी ओढली. त्या काळी हे धाडसच होतं. आपल्याकडे विजेचा इतिहास सांगताना धरणांचं आणि टर्बाइनचं कौतुक होतं, तारेचं कोणी करत नाही. पण ती तार नसती तर खोपोलीच्या विजेने फक्त खोपोली उजळली असती.

प्रत्यक्षात झालं उलटं. मुंबई उजळली आणि तारेखालची गावं अंधारात राहिली.

आमच्या वरच्या बांधावरून एक जुनी लाइन जाते. पावसाळ्यात ती गुणगुणते. दमट हवेत मोठ्या दाबाची तार तसा आवाज करते, हे मला पुढे कळलं. आजी त्याला ‘तारेचं भजन’ म्हणायची. ते भजन ती कंदिलाच्या उजेडात ऐकायची, कारण आमच्या घरात वीज आली तेव्हा मी सातवीत होतो. लाइन त्याआधी कित्येक वर्षं डोक्यावर होती. लहानपणी मी वडिलांना विचारलं होतं, की वरून जाते त्यातली थोडी आपल्याला का नाही? वडील म्हणाले, “ती मुंबईची आहे.”

वडिलांचं उत्तर तांत्रिकदृष्ट्याही बरोबर होतं. एवढ्या दाबाच्या तारेतून घरात वीज घेता येत नाही. त्यासाठी उपकेंद्र लागतं, दाब टप्प्याटप्प्याने उतरवावा लागतो, खांब रोवावे लागतात. आणि कंपनीचा परवाना मुंबईला वीज पुरवण्याचा होता. गावांना वीज देणं हे नंतर सरकारचं काम ठरलं. त्यासाठी २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं. म्हणजे खोपोलीचं पहिलं चाक फिरल्यापासून कित्येक वर्षं, ज्या खोऱ्यांतून वीज जाते तिथल्या गावांना वीज देणं ही कुणाची ठोस जबाबदारीच नव्हती. यात कोणाचा दुष्टपणा होता असं मी म्हणत नाही. आराखड्यात गाव नव्हतं, एवढंच.

शेतातून तार नेण्याचा अधिकार कुठून येतो, हेही मी शोधलं. त्याचं मूळ १८८५च्या तार कायद्यात आहे. टेलिग्राफच्या खांबांसाठी इंग्रजांनी सरकारला जे अधिकार दिले होते, तेच वीजवाहिन्यांना देण्याची तरतूद २००३च्या वीज कायद्यातही आहे. जमीन संपादित होत नाही, मालकी शेतकऱ्याचीच राहते; फक्त टॉवर उभा राहतो आणि नुकसानीची भरपाई मिळते. आता टेलिग्राफचा खांब आणि चारशे केव्हीचा टॉवर यांत किती फरक आहे, हे ज्याच्या खाचरात तो उभा राहिला आहे त्याला विचारा. तारेखाली घर बांधता येत नाही, उंच झाड लावता येत नाही, गिऱ्हाईक जमिनीला भाव देत नाही. २०१५मध्ये केंद्राने पहिल्यांदा जमिनीच्या किमतीशी जोडलेली भरपाई सुचवली: टॉवरच्या जागेला किमतीच्या ८५ टक्के, तारेखालच्या पट्ट्याला जास्तीत जास्त १५ टक्के. जून २०२४च्या सूचनांमध्ये ते आकडे टॉवरला २०० टक्के आणि ग्रामीण भागातल्या पट्ट्याला ३० टक्के असे वाढवले. एका झटक्यात एवढी वाढ कोणी उदार झालं म्हणून झाली नाही. लाइनी जागोजागी अडत होत्या म्हणून झाली.

मुळशी

तिसरा प्रश्न, मधल्या माणसाचा, सर्वांत मोठ्याने विचारला गेला तो मुळशीत. मुळशी घाटावर, पुणे जिल्ह्यात. पण तिच्या पाण्यावर चालणारं भिरा रायगडातलं, आणि साखळी तीच. मुळा-निळेच्या संगमावर धरण बांधायचं ठरलं, मावळ्यांची भातखाचरं बुडणार हे दिसू लागलं, आणि १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट त्याचे पुढारी. बापटांना ‘सेनापती’ हे नाव इथूनच मिळालं. जगातल्या अगदी सुरुवातीच्या धरणविरोधी लढ्यांत याची गणना होते. लढा १९२४पर्यंत चालला आणि हरला. धरण झालं.

वर्गात शिकवताना मी ही गोष्ट शौर्याची म्हणून सांगायचो. मुलांना बापट आवडायचे. या वेळी राजेंद्र व्होरांचा मुळशीवरचा अभ्यास पुन्हा काढून वाचला, आणि आधी घाईत ओलांडलेली एक बाब आता बोचली. त्या खोऱ्यातली बरीचशी जमीन कागदोपत्री पुण्याच्या सावकारांकडे होती. कसणारे मावळे वेगळे, मालक वेगळे. सुरुवातीला दोघंही एका बाजूला होते. मग नुकसानभरपाईचं बोलणं निघालं. कागदावर ज्यांचं नाव होतं त्यांना पैसे घेऊन बाजूला होणं परवडणार होतं. ज्यांचं नाव नव्हतं त्यांना फक्त जमीन होती, आणि तीच जाणार होती.

हा तपशील इथेच ठेवतो. शेवटी तो मला परत लागणार आहे.

पाणी कोणाचं

या वीजघरांमुळे एक गोष्ट अशी झाली, जी योजनेत मुख्य नव्हती, पण आज आमचं सगळं जगणं तिच्यावर उभं आहे. इंद्रायणी, आंद्रा, मुळा या सगळ्या पूर्ववाहिनी नद्या. त्यांचं पाणी भीमेला, भीमेतून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला जायचं. टाटांनी ते अडवून पश्चिमेला कड्यावरून खाली सोडलं. वीज तयार झाल्यावर पाणी नाहीसं होत नाही. ते चाकावरून पुढे वाहतं. खोपोलीचं पाणी पाताळगंगेला मिळतं, भिवपुरीचं उल्हासच्या खोऱ्यात येतं. रसायनीचे कारखाने, बदलापूर-अंबरनाथ-कल्याणचे नळ, आणि आमच्या कर्जतच्या राजनाल्यावरचं उन्हाळी भात, हे सगळं त्या ‘वापरलेल्या’ पाण्यावर. माझे आजोबा एक पीक घ्यायचे, वडिलांनी दोन घेतली. घरात वीज उशिरा आली तरी विजेचं पाणी आधी आलं, हेही प्रामाणिकपणे लिहायला हवं.

पण वर भीमेच्या खोऱ्यात सोलापूरपर्यंत दुष्काळ आहे, आणि ते लोक विचारतात की आमचं पाणी समुद्राकडे का घालवता? कृष्णा पाणीवाटपाच्या बच्छावत लवादाने १९७०च्या दशकात या वळवण्याला मर्यादा घातली: एका वर्षात ५४.५ टीएमसी आणि सलग पाच वर्षांत मिळून २१२ टीएमसीपेक्षा जास्त पाणी पश्चिमेला नेता येणार नाही. म्हणजे पाण्यापासून हवी तितकी वीज काढता येत नाही. पाऊस कितीही पडो, आकडा ठरलेला आहे. पुढे पाहिजे तेवढी धरणं बांधून जलविद्युत वाढवण्याचा मार्ग असा कायद्यानेच अरुंद झाला. कोयनेचीही हीच कथा.

आणि मग कोळसा आला. १९५६पासून तुर्भ्याला मुंबईच्या दारातच औष्णिक वीज तयार होऊ लागली. खोपोली-भिवपुरीचं काम बदललं. दिवसभर गिरण्या चालवण्याऐवजी संध्याकाळी मागणी चढली की मदतीला धावायचं. पाण्याचं चाक काही मिनिटांत सुरू होतं. कोळशाच्या भट्टीला तासन् तास लागतात. १२ ऑक्टोबर २०२०च्या सकाळी दहानंतर मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, तेव्हा पुरवठा पुन्हा उभा करताना तुर्भ्याबरोबर याच जुन्या जलविद्युत संचांचा आधार घेतला गेला. बाहेरून मुंबईत वीज आणणाऱ्या वाहिन्या अपुऱ्या आहेत, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. खारघर-विक्रोळी ही चारशे केव्हीची वाहिनी वर्षानुवर्षं रखडली होती, ती २०२३मध्ये सुरू झाली.

दुपारची वीज, संध्याकाळचं गिऱ्हाईक

आता देशाच्या ग्रिडकडे येतो. ३१ डिसेंबर २०१३ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाशी एकजीव झालं. तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी सगळी यंत्रं एकाच ठेक्यावर, सेकंदाला ५० आवर्तनं, अशी फिरतात. त्या ठेक्याची अट एकच: ज्या क्षणी जितकी वीज वापरली जाते, त्या क्षणी तितकीच तयार झाली पाहिजे. कमी-जास्त झालं की ठेका चुकतो. फार चुकला तर काय होतं ते जुलै २०१२मध्ये उत्तर भारताने पाहिलं. लागोपाठ दोन दिवस ग्रिड कोसळलं होतं.

सौर वीज दुपारी बाराला भरभरून येते आणि सातला शून्य होते. नेमकं त्याच वेळी लोक घरी येतात, दिवे, पंखे, टीव्ही, एसी लावतात. दुपारी जास्त, रात्री कमी. कोळशाचे संच दुपारी पूर्ण बंदही करता येत नाहीत, कारण संध्याकाळी ते लागणारच असतात. २०२५मध्ये सरकारने जाहीर केलं की देशाच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी आता बिगर-जीवाश्म आहे. पण क्षमता आणि प्रत्यक्ष वीज यांत फरक असतो; निम्म्याहून बरीच जास्त वीज अजूनही कोळशाचीच. महाराष्ट्रात शेतीपंपांना दिवसा सौर वीज देण्याची योजना आहे. तो शहाणपणाचा मार्ग आहे, कारण तिथे मागणीच दुपारकडे सरकते. शेतकऱ्याची रात्रीची साप-विंचवांतली फेरी वाचते ते वेगळंच. पण शहराची संध्याकाळ काही दुपारी सरकवता येत नाही.

तारेचं दुखणंही तेच. सौर प्रकल्प दीड-दोन वर्षांत उभा राहतो. त्याची वीज नेणाऱ्या वाहिनीला त्याहून बराच जास्त काळ लागतो. राजस्थानात ऊन आहे, पॅनेलं आहेत, पण वाहिन्या मागे राहिल्याने तिथल्या प्रकल्पांना भर दुपारी उत्पादन कमी करावं लागतं. त्याच राजस्थानात माळढोक पक्षी तारांना धडकून मरतात म्हणून २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्या जमिनीखालून न्यायला सांगितल्या. मार्च २०२४मध्ये तो आदेश सैल करून समिती नेमली. आपल्या सोलापूरच्या नान्नजमधून माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला आहे, त्यामुळे हा वाद मला परका वाटत नाही. १९१५मध्ये तारेच्या वाटेत फक्त गाव होतं आणि त्याला कोणी विचारलं नाही. आज न विचारता चालत नाही. याला काही जण ‘अडथळा’ म्हणतात.

२०२३चा उन्हाळा आणि पावसाळा

दुपारची वीज संध्याकाळपर्यंत ठेवायची तर साठवण हवी. आणि साठवण म्हटलं की सगळे पुन्हा आमच्या कड्याकडे बघू लागतात.

उपाय जुनाच आहे: वर एक तलाव, खाली एक तलाव. दुपारच्या जादा विजेने पाणी वर चढवायचं, संध्याकाळी खाली सोडायचं. शंभर युनिट घातले तर पंचाहत्तर-ऐंशी परत मिळतात. भिऱ्याला असा १५० मेगावॅटचा संच बऱ्याच वर्षांपासून आहे, घाटघरला २५० मेगावॅटचा. आता आकडे मोठे झाले आहेत. जून २०२३मध्ये राज्य सरकारने टोरेंट पॉवरशी करार केला, त्यात एकट्या कर्जतला ३,००० मेगावॅट. ऑगस्ट २०२३मध्ये टाटा पॉवरशी झाला, त्यात भिवपुरीला १,००० आणि शिरवट्याला १,८०० मेगावॅट. आज खोपोलीचं वीजघर ७२ मेगावॅटचं आहे. यावरून प्रमाण लक्षात यावं.

मी कागदावर हिशेब केला. हजार मेगावॅट सहा तास चालवायचे म्हणजे साठ लाख युनिट. हजार लिटरला सव्वा युनिट धरलं, तर सुमारे पन्नास लाख घनमीटर पाणी, म्हणजे एक टीएमसीच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी. आणि तेच पाणी रोज वर-खाली. लवादाचे ५४.५ टीएमसी ओलांडायची गरज नाही, सोलापूरकरांच्या तोंडचं पाणी काढायची गरज नाही. इतिहासाच्या मास्तराला हा हिशेब पाहून आनंद झाला, हे कबूल करतो. शंभर वर्षांपूर्वी चार महिन्यांचा पाऊस साठवणारा डोंगर आता चार तासांचं ऊन साठवणार.

पण जून आणि ऑगस्टच्या मधे जुलै येतो. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या उतारावरची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ठाकूर समाजाची वस्ती. २७ मृतदेह मिळाले; ५७ माणसं मिळालीच नाहीत आणि चार दिवसांनी शोध थांबवला. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असं सरकारनेच विधानसभेत सांगितलं.

इर्शाळवाडी कुठल्याही वीजप्रकल्पामुळे गेली नाही. तसं सुचवणं खोटं होईल. मी ती इथे आणतो ती यादीसाठी. ज्या डोंगरात पाणी किती आणि उंची किती याची मोजणी १९११च्या आधीपासून होते आहे, त्याच डोंगररांगेत माणसं कुठे राहतात आणि त्यांच्या वरची माती किती घट्ट आहे, याची यादी २०२३मध्ये अपुरी होती. आता तिथे बोगदे खोदायचे आहेत, खालचे तलाव बांधायचे आहेत, त्यांतून निघणाऱ्या नव्या वाहिन्या न्यायच्या आहेत. रायगड जिल्हा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत येत नाही, त्यामुळे ‘पेसा’ कायद्याने आदिवासी ग्रामसभांना मिळणारे अधिकार आमच्याकडच्या ठाकूर-कातकरी वाड्यांना नाहीत. उरतो तो २००६चा वनहक्क कायदा, तोही ज्यांचे दावे मंजूर झाले त्यांच्यापुरता भक्कम. म्हणजे आराखड्यात गाव आलं आहे. वाडी अजून यायची आहे.

सही

दिवाळीत गावी गेलो. भावाबरोबर खालच्या खाचरात उभा राहिलो. मोजणीवाल्यांनी रोवलेली लाल टोकाची खुंटी तशीच होती.

एवढ्या वाचनानंतर मी त्याला लाइन अडव असं सांगू शकत नव्हतो. ती दुपारचं ऊन संध्याकाळच्या डोंबिवलीत आणणार असेल, तर माझ्याच घरचा पंखा त्यावर फिरणार आहे. म्हणून सांगितलं ते एवढंच: दर कुठल्या वर्षाच्या बाजारभावाने धरला ते लेखी माग. टॉवरचे वेगळे आणि तारेखालच्या पट्ट्याचे वेगळे, दोन्ही आकडे माग. पिकाची भरपाई यात आहे की निराळी, ते विचार. भाऊ वहीत लिहून घेत होता.

मग खुंटीच्या पलीकडे कापणीचं उरलेलं काम आवरणारं कुटुंब दिसलं. खालचं खाचर गेली वीस-बावीस वर्षं ठाकूरवाडीतलं एक घर अर्ध्या वाट्याने कसतं. सातबारा आमच्या नावावर, नांगर त्यांचा. तोंडी व्यवहार, कधी वाद नाही.

“भरपाईचे अर्धे त्यांना द्यायचे,” मी म्हणालो.

भाऊ वही मिटून माझ्याकडे बघत राहिला. “दादा, कागदावर त्यांचं नाव कुठे आहे?”

“मुळशीतही नव्हतं.”

त्याला मुळशी माहीत नव्हती. बांधावर बसून मी त्याला सांगितली. बापटांची कमी, सावकारांची जास्त. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मला घेऊन तलाठी कार्यालयात गेला आणि पीकपाहणीला कसणाऱ्याचं नाव कसं लावतात, ते विचारलं. कूळकायद्याच्या भीतीने आमच्या वडिलांच्या पिढीने जे कधी केलं नव्हतं ते हे. अर्ज दिला आहे. त्याचं काय होतं ते अजून कळलेलं नाही, आणि संमतीपत्रावर सहीही अजून झालेली नाही.